कोणती फाईल उडवली तर चालते? डॉसपासून मोबाईलपर्यंतचा इतिहास

ज्यांची बसमध्ये रेंज जाते किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं नीट केलंय, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.

तुमच्याकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "दादा, मोबाईल फुल झालाय. फाईल मॅनेजर उघडला तर नावंच कळत नाहीत असल्या फाईली दिसतात. उडवू का?" यावर एका ओळीचं उत्तर देता आलं असतं. पण हा प्रश्न मोबाईलपेक्षा जुना आहे, कॉम्प्युटरपेक्षाही जुना आहे. आणि त्याचं चुकीचं उत्तर मी स्वतः एकदा देऊन बसलोय. म्हणून आज त्याचा इतिहास सांगतो.

नायगाव, २०१०, मे महिना

माझं आजोळ नायगाव. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आपलं तालुक्याचं गाव. तिथे मामाचं डीटीपी सेंटर होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, अर्ज, वाढदिवसाचे बॅनर, सगळं तिथेच. मी तेव्हा सातवीत होतो आणि कॉम्प्युटर आपल्याला फार कळतो अशी माझी पक्की समजूत होती.

मशीनवर विंडोज एक्सपी होतं. रॅम २५६ एमबी, हार्डडिस्क ४० जीबी, त्यात सी ड्राईव्हला फक्त १० जीबी दिलेले. कोपऱ्यात सारखा फुगा यायचा, जागा संपत आलीय म्हणून. लग्नसराई होती, मशीन रांगत होतं. एका दुपारी मामा जेवायला गेले आणि मी साफसफाईला बसलो.

कुठली फाईल उडवायची हे ठरवायला मी तीन नियम लावले. नाव विचित्र असेल तर नको. तारीख जुनी असेल तर नको. आपण कधी उघडलेली नसेल तर नको. सी ड्राईव्हमध्ये विंडोज, विंडोजमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर. तिथे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी असलेली नावं, तारखा दहा वर्षांपूर्वीच्या, आणि मी तरी कधी उघडलेल्या नव्हत्या. तिन्ही नियमांत पास. साठेक फाईली सिलेक्ट केल्या. रिसायकल बिनमध्ये तरी कशाला कचरा, म्हणून शिफ्ट दाबून डिलीट.

मामा आले. पेजमेकर उघडलं, एका लग्नपत्रिकेचं प्रूफ काढायचं होतं. पडद्यावर गणपतीचं चित्र जागेवर, किनार जागेवर, आणि मधल्या सगळ्या मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डॉलरची चिन्हं. नवरदेवाचं नाव नाही, मुहूर्त नाही, काही नाही.

"कामून हात लावलास रे फॉन्टला?" मामा एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून त्यांनी सीडीवर असलेल्या थोड्या फॉन्टमध्ये पत्रिका पुन्हा टाईप केली. बाकीच्या फॉन्टची सीडी सापडलीच नाही. आणि त्या हरवलेल्यांतल्या एका फॉन्टमध्ये आजोबांची फाईल होती. ७२ च्या दुष्काळाच्या त्यांच्या आठवणी. खडी फोडायच्या कामावर कोण कोण जायचं, मिलोच्या भाकरी कशा लागायच्या, गावातली जनावरं कुठे गेली. आजोबा सांगायचे आणि मामा रिकाम्या वेळेत टाईप करायचे. १४ पानं झाली होती. फाईल डिस्कवर सुखरूप होती. वाचता मात्र येत नव्हती.

या सगळ्यात मी जागा किती वाचवली? एक फॉन्ट म्हणजे साधारण ५० ते १०० केबी. साठ फॉन्ट मिळून चार-पाच एमबी. त्याच सी ड्राईव्हवर पेजफाईल नावाची एक लपलेली फाईल रॅमच्या दीडपट, म्हणजे ३८४ एमबी जागा अडवून बसली होती. तिचा मला पत्ताच नव्हता.

फाईल असते, वाचणारा जातो

फॉन्ट गेला म्हणून मजकूर कसा गेला, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. कारण आज तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठी लिहिता ते युनिकोड असतं. त्यात 'क' या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फोन कुठलाही असो, तो क्रमांक 'क'च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासूनच आहे. पण आपल्या डीटीपीवाल्यांपर्यंत ते पोचायला बरीच वर्षं गेली. विंडोजमध्ये देवनागरी आली ती विंडोज २००० पासून, 'मंगल' फॉन्टबरोबर. एक्सपीमध्येसुद्धा ती आपोआप चालू नसायची. सेटिंगमध्ये जाऊन एक चौकोन टिक करायचा, मग मशीन एक्सपीची सीडी मागायचं.

त्याआधी आणि त्यानंतरही छपाईचं जग पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवर आणि पुण्याच्याच मॉड्युलरच्या श्रीलिपीवर चालायचं. असल्या बहुतेक जुन्या फॉन्टची युक्ती साधी होती. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवतोय. फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून ठेवलेले असायचे. म्हणजे मराठी फाईलमध्ये नसायचीच, ती फॉन्टमध्ये असायची. कुठल्या खुणेचा आकार काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून तोच फॉन्ट हवा, दुसरा चालायचा नाही.

अशी ५०-१०० केबीची एक फाईल हजारो पानांना धरून असते. बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. नाव, तारीख आणि साईज या तिन्ही गोष्टी फाईलवर लिहिलेल्या असतात. तिच्यावर कोण अवलंबून आहे, हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी लपवून बघितलं

आता थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकात डॉस होतं. ३६० केबीची फ्लॉपी, त्यातच सिस्टीम आणि त्यातच तुमचं काम. जागेची मारामार आजच्यापेक्षा भयंकर. डॉसच्या दोन मुख्य फाईली लपवून ठेवलेल्या असायच्या. साधी यादी काढली तर दिसायच्याच नाहीत. पण तिसरी, कमांड डॉट कॉम, उघडी पडलेली असायची. ती कुणी उडवली की पुढच्या वेळी मशीन अर्ध्यात थांबायचं आणि म्हणायचं, हुकूम समजून घेणारा सापडत नाही. मग दुसऱ्याची फ्लॉपी शोधा.

तेव्हाचा उपाय हा असा होता: लोकांच्या नजरेआड ठेवा, म्हणजे हात लागणार नाही. विंडोज ९५ आणि ९८ आल्यावर सिस्टीमच्या फाईली शेकड्यांनी वाढल्या. नवीन प्रोग्रॅम टाकला की तो आपली डीएलएल जुन्या डीएलएलवर चढवायचा आणि तिसराच प्रोग्रॅम बंद पडायचा. प्रोग्रॅमर लोकांत याला 'डीएलएल हेल' म्हणायचे. म्हणून विंडोज ९८ मध्ये सिस्टीम फाईल चेकर आला. बिघडलेली फाईल ओळखायची आणि सीडीवरून मूळची परत घ्यायची.

आणि मग फॉरवर्ड आले

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात कुठलाच व्हायरस नाही.

२००१ साली एक ईमेल फिरायला लागला. सुरुवात ब्राझीलमधून, पोर्तुगीज भाषेत. मजकूर असा की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सल्फएनबीके नावाची फाईल आहे का बघा. असेल तर तो व्हायरस आहे, १ जूनला जागा होणार. अँटिव्हायरसला तो सापडत नाही. लगेच उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा.

लोकांनी शोधलं, आणि फाईल सापडली! सापडणारच. विंडोज ९८ बरोबर ती प्रत्येकाकडे आलेली होती. लांब नावाच्या फाईलींची नावं परत बसवायचं काम करणारी ती विंडोजचीच एक छोटी फाईल. लोकांनी ती स्वतःच्या हाताने उडवली आणि ओळखीतल्या सगळ्यांना सावध केलं.

पुढच्याच वर्षी, २००२ च्या एप्रिलमध्ये, दुसरा मेल आला. यावेळी फाईलचं नाव जेडीबीजीएमजीआर, आणि तिच्या आयकॉनवर करड्या रंगाचं अस्वल. टेडी बेअर! सिस्टीमच्या गंभीर फोल्डरमध्ये अस्वलाचं काय काम? बघणाऱ्याची खात्रीच पटायची की हा व्हायरस. प्रत्यक्षात ती मायक्रोसॉफ्टची जावाशी संबंधित फाईल होती. बहुतेकांचं तिच्यावाचून काही अडलं नाही. जे जावामध्ये काम करायचे त्यांचं अडलं.

या मेल लिहिणाऱ्याने एक ओळ कोड लिहिला नाही. त्याने फक्त माझेच तीन नियम वापरले: नाव विचित्र, कधी बघितलेली नाही, म्हणजे धोका. आज व्हॉट्सॲपवर 'अमुक फोल्डर उडवा, फोन रॉकेट होईल' असा व्हिडिओ येतो, तो याच मेलचा नातू समजा.

मग निर्णयच काढून घेतला

कंपन्यांनी यावर उपाय या मेलच्या आधीच सुरू केला होता. विंडोज २००० मध्ये नवीन संरक्षण आलं. महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि मूळ फाईल उडवली की गुपचूप तिथून परत आणायची. गंमत म्हणजे एक्सपीच्या काळात जागा कमी पडली की काही हुशार लोक ते प्रतींचं फोल्डरच उडवायचा सल्ला द्यायचे. म्हणजे घराला कुलूप आहे म्हणून दुसरी चावी विहिरीत टाकायची.

२००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि पुढचं पाऊल पडलं. सिस्टीमच्या फाईलींचा मालक तुम्ही नाहीच. ॲडमिन असलात तरी नाही. मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाची विंडोजची स्वतःची सेवा. फाईल उडवायला गेलात तर मशीन म्हणतं, त्याची परवानगी आणा. लिनक्सच्या जगात तर एका ओळीत पूर्ण डिस्क साफ करणारा हुकूम प्रसिद्धच होता. २००६ पासून तोसुद्धा सहजासहजी चालत नाही, मुद्दाम वेगळं लिहून द्यावं लागतं.

विंडोजमध्ये आजही दोन फोल्डर लोकांना मोहात पाडतात. एक विनएसएक्सएस. बघावं तर कित्येक जीबी. पण त्यातल्या बऱ्याच फाईली म्हणजे एकाच फाईलची दोन ठिकाणी दिसणारी नोंद. एकच शेत सातबाऱ्यावरही दिसतं आणि आठ-अ वरही दिसतं, म्हणून काही शेतं दोन होत नाहीत. दुसरं फोल्डर विंडोजच्या आतलं इन्स्टॉलर. ते उडवलं तर त्या दिवशी काहीच होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वर्षभराने एखादा प्रोग्रॅम काढायला किंवा अपडेट करायला जाता, तेव्हा तो त्या फाईली मागतो. खरेदीखत रोज कोण उघडतं? घर विकायच्या दिवशी लागतं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला उपाय

खरेदीखतावरून कागदाकडे वळतो, कारण हाच प्रश्न सरकारी दप्तराने कॉम्प्युटर येण्याआधी कितीतरी वर्षं हाताळलाय. आपल्या तहसील कार्यालयात अभिलेख कक्ष असतो. तिथे प्रकरण निकाली निघालं की त्याचा वर्ग ठरतो. 'अ' म्हणजे कायम ठेवायचं. 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, आणि 'ड' १ वर्ष. मुदत संपली की यादी करून नष्ट. म्हणजे काय ठेवायचं हा निर्णय प्रकरण माहीत असलेला माणूस, ते ताजं असतानाच घेतो. जागा संपल्यावर दुपारी एकटा बसलेला सातवीतला पोरगा घेत नाही.

तरीसुद्धा कुठल्या कागदाची गरज कधी पडेल, हे सगळं आधी ओळखता येत नाही. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. त्या काळातली दप्तरं उर्दूत, काही मोडीत. कित्येक वर्षं ती बांधून पडलेली. तारीख जुनी, नाव न कळणारं, कुणी उघडत नाही. माझे तिन्ही नियम लागू.

मग २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली दप्तर, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरं, सगळं उघडलं गेलं. शोध हैदराबादपर्यंत गेला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, तो वेगळा विषय आहे. मला दिसलं ते एवढंच: पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द घराघरातली माणसं शोधत होती, आणि तो शब्द कुठल्यातरी रुमालात बांधलेला होता किंवा नव्हता.

आणि कागद सापडला तरी दुसरी अडचण. वाचणार कोण? गेल्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळा-कचेऱ्यांतून मागे पडली. शोध सुरू झाल्यावर मोडी आणि जुनी उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. कागद शाबूत, अक्षर शाबूत, वाचणारा नाही. ते ऐकलं तेव्हा मला मामाच्या पडद्यावरची डॉलरची चिन्हं आठवली. फॉन्ट उडाला होता, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमचा मोबाईल

अँड्रॉइडने सिस्टीमचा भाग फक्त वाचता येईल असा ठेवलाय. साध्या फोनवर तो तुम्ही उडवूच शकत नाही. स्टोरेजमध्ये 'सिस्टीम' म्हणून जे जीबी दिसतात त्यांच्या नादी लागू नका. त्यामुळे पोरांना वाटतं, मग जे उडवता येतं ते सगळं सुरक्षित असणार. इथेच फसगत होते. फोनने स्वतःला वाचवलंय, तुम्हाला नाही.

तीन फाईली सांगतो. पहिली, नोमीडिया. साईज शून्य. रिकामी फाईल, कचराच वाटणार. पण ती ज्या फोल्डरमध्ये असते त्यातले फोटो गॅलरीत दाखवायचे नाहीत, एवढंच तिचं काम. ती उडवली की लपवलेले फोटो गॅलरीत हजर. ते काकांच्या समोर दिसले की मग कळतं.

दुसरी, व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधल्या डेटाबेसेसमधली एमएसजीस्टोअर. मोठी असते, नाव विचित्र, टॅप केलं तर उघडत नाही. क्लीनर ॲपला ती आवडते. पण तो तुमच्या गप्पांचा फोनवरचा बॅकअप आहे. गूगलवर बॅकअप नसेल आणि ॲप पुन्हा टाकायची वेळ आली, तर तोच एक आधार.

तिसरी उलट बाजूची. थंबनेल्सचं फोल्डर. शेकडो एमबी, नाव तसंच अगम्य. पण ते बिनधास्त उडवा, फोन गॅलरी उघडताना ते पुन्हा तयार करतो. ॲपचा कॅश तसाच. मात्र त्याच्या शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबू नका. कॅश पुन्हा बनतो, डेटा बनत नाही.

तिघींची नावं सारखीच अनोळखी आणि उत्तरं वेगवेगळी. म्हणून नाव, तारीख, साईज बघून ठरवणं सोडा. हे दोन प्रश्न विचारा. ही फाईल पुन्हा आपोआप बनेल का? आणि हिला कोण मागतं? दोन्हींची उत्तरं माहीत असतील तरच हात लावा. एखादं माहीत नसेल तर आधी दुसरीकडे कॉपी करा, मूळ फाईलीचं नाव बदलून आठवडाभर थांबा. काही बंद पडलं तर नाव परत बदलता येतं. शिफ्ट-डिलीटला तेवढी माया नसते.

त्या १४ पानांचं काय झालं

आजोबा २०१४ ला गेले. पानं मामाच्या जुन्या हार्डडिस्कवर तशीच. मी इंजिनिअरिंगला असताना ती फाईल पुन्हा उघडली, तेव्हा पेजमेकरने नेहमीप्रमाणे तक्रार केली, अमुक फॉन्ट मिळत नाही. पण तक्रारीत फॉन्टचं नाव होतं! लहानपणी ते आम्ही फक्त बंद करायचो. मामांनी चार जुन्या डीटीपीवाल्यांना फोन लावले. बिलोलीच्या एकाकडे धूळ खात पडलेल्या मशीनवर तो फॉन्ट निघाला.

मग दोन महिने सुट्टीच्या दिवशी बसून मी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफारही हलवावा लागतो. पहिल्या दिवशी 'दुष्काळ' शब्द नीट उमटला तेव्हा मामांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, "आता ह्याची कॉपी दोन ठिकाणी ठेव. अन् तुझ्या हाताला लागणार नाही अशी."

ठेवलीय. तीन ठिकाणी.

तुमच्या घरी जुना कॉम्प्युटर असेल, त्यावर कुणीतरी टाईप करून ठेवलेलं मराठी असेल, तर तो भंगारात देण्याआधी विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर एकदा कॉपी करून घ्या. सापडलं काही, तर आम्हाला नक्की कळवा.